राखून ठेवलेली बिअर : उत्तर फ्रान्समधील शेतवाड्यांची कथा

१/ फ्रान्स म्हटले की द्राक्षमळे आणि वाइन डोळ्यांसमोर येतात. परंतु बेल्जियमच्या सीमेलगतच्या नॉर आणि पा-द-काले या जिल्ह्यांत पिकतात सातू आणि हॉप्स. तेथील लोकांचे जुने पेय बिअर हेच. तिचे नाव ‘बिएर द गार्द’, म्हणजे राखून ठेवण्याची बिअर. हे नाव एका अडचणीतून जन्मले.

२/ अडचण उन्हाळ्याची होती. यंत्राने थंडावा निर्माण करता येत नव्हता, तेव्हा उष्म्यात बनवलेली बिअर आंबट होऊन नासे. शिवाय त्या दिवसांत सारे हात शेतात गुंतलेले. म्हणून शेतकरी हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी बिअर बनवीत, तळघरातील पिंपांत मुरू देत आणि कामाच्या दिवसांसाठी राखून ठेवीत.

३/ बिअर नासते का, याचा उलगडा होण्यासही याच भूमीचा हातभार लागला. १८५४ मध्ये लुई पाश्चर लील येथे प्राध्यापक म्हणून आले. आंबण्याची क्रिया सूक्ष्मजीव घडवतात, हा त्यांचा विचार येथेच आकारास आला. १८७६ मध्ये त्यांनी बिअरवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच दशकात शीतकरणाची यंत्रे आली. आता मोठे कारखाने बाराही महिने बिअर बनवू लागले आणि राखून ठेवण्याची निकड सरली.

४/ त्यानंतर आघात झाला तो युद्धाचा. १९१४ ते १९१८ या काळात नॉर जिल्ह्याचा बहुतांश भाग जर्मनांच्या ताब्यात होता. युद्धसामग्रीसाठी त्यांनी बिअरगृहांतील तांब्याची भांडी काढून नेली. भांडेच गेले, तेथे कौशल्य काय करणार? अनेक लहान बिअरगृहे पुन्हा उघडलीच नाहीत.

५/ तरीही १९२२ मध्ये फेलिक्स ड्यूक यांनी जाँलँ या गावी बिअरगृह सुरू केले. दुसऱ्या महायुद्धानंतर या घराण्याने आपली बिअर शँपेनच्या बाटल्यांत, बुचे लावून विकली. १९७० च्या दशकात लीलच्या विद्यार्थ्यांनी तिला आपलेसे केले आणि विस्मृतीत चाललेल्या प्रकाराला नवे आयुष्य लाभले. १९९६ मध्ये एस्केल्बेक गावी तिरिएज हे छोटे बिअरगृह उभे राहिले, ते याच पुनरुज्जीवनाच्या वाटेवर.

६/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे. आजची तांबूस, सहा ते आठ टक्के मद्यार्काची बिअर म्हणजे शेतमजुरांचे जुने पेय जसेच्या तसे नव्हे. त्यांची रोजची बिअर बरीच सौम्य असे. आता ती शीतगृहात काही आठवडे मुरते, तळघरात उन्हाळ्याची वाट पाहत नाही.

७/ मग परंपरा टिकली म्हणजे नेमके काय टिकले? कृती बदलली, भांडी गेली, गरजही संपली. टिकले ते मुरू देणे. पूर्वजांनी नाइलाजाने जी प्रतीक्षा केली, तीच वंशजांनी गुण म्हणून जपली. ‘पारंपरिक’ हा शब्द बाटलीवर दिसला, की त्यामागे असा निवडीचा इतिहास शोधावा.