तीन तोळ्यांचे विमान

उड्डाणाचा इतिहास आपण बहुधा दोन प्रश्नांभोवती सांगतो. वर कसे जायचे आणि पुढे कसे जायचे? पहिल्याचे उत्तर पंख, दुसऱ्याचे इंजिन. तिसरा प्रश्न मात्र पुस्तकांत मागच्या बाकावर बसलेला असतो : वर गेल्यावर तोल कोणी सांभाळायचा? राइट बंधूंच्या आधीच्या आणि नंतरच्याही अनेक उड्डाणवीरांचे प्राण या तिसऱ्या प्रश्नाने घेतले.

माझ्या जुन्नर-आंबेगावच्या आकाशात गेल्या काही वर्षांत बरीच लहान यंत्रे आली. लग्नाची वरात टिपणारी, पिकावर औषध फवारणारी, गावठाण मोजणारी, उसात दडलेला बिबट्या शोधणारी. त्यांच्याबद्दल चर्चा होते ती कॅमेऱ्याची आणि बॅटरीची. पण ही सगळी यंत्रे आपल्या डोक्यावर येऊ शकली ती तोलाचा प्रश्न सुटला म्हणून. आणि तो सुटल्याची सर्वांत स्वच्छ साक्ष द्यायला उभे आहे एक खेळणे : मुठीत मावेल इतक्या वजनाचे, रेडिओवर चालणारे, पोटात जायरो असलेले विमान.

भोवऱ्याचा हट्ट

जायरो म्हणजे मुळात भोवरा. फिरणारा भोवरा आपला आस सोडायला तयार नसतो, हे जाळी मारणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फुको याने १८५२ साली या हट्टाचा उपयोग पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी केला आणि आपल्या उपकरणाला ‘जायरोस्कोप’ हे नाव दिले. भोवरा जागच्या जागी राहतो, पृथ्वी त्याच्याखालून फिरते.

तोच हट्ट विमानात बसवला अमेरिकेच्या लॉरेन्स स्पेरीने. जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर त्याने परीक्षकांसमोर विमान उडवले आणि दोन्ही हात वर केले. त्याचा सहकारी एमिल काशँ पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन गेले तरी विमान कलले नाही. विजेवर फिरणाऱ्या भोवऱ्यांनी ते सावरून धरले. स्पेरी तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्याचे यंत्र मात्र चांगलेच जड होते. पुढच्याच महिन्यात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि आपोआप तोल सांभाळणाऱ्या विमानात पहिला रस दाखवला तो लष्कराने. १९४४ मध्ये लंडनवर पडलेले जर्मनीचे व्ही-१ हे उडते बॉम्बही जायरोच्याच भरवशावर मार्ग धरत होते.

रेडिओ आला, तोल हातातच राहिला

हौशी लोकांच्या विमानांचा रस्ता वेगळा होता. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे मॉडेल विमान रेडिओवर उडवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे आठ फूट होते. एवढे मोठे का? कारण त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या वाहून न्यायला तेवढा पंख लागे.

पण मोठ्या आकाराचा एक फायदाही होता, आणि तो इथे नीट समजून घेतला पाहिजे. मोठे विमान सावकाश कलते. वाऱ्याचा धक्का बसला की जमिनीवर उभ्या माणसाला ते दिसते, हात हलतो, विमान सावरते. या साखळीला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. आता लांबी निम्मी करा. त्याच बनावटीच्या विमानाचे वजन आठपट कमी होते आणि गिरकी घ्यायला त्याचा असणारा विरोध बत्तीसपट घटतो. जे विमान डुलत होते ते आता फडफडते. आणखी निम्मे केले, तर डोळ्याने पाहून हाताने सावरण्याइतका वेळच उरत नाही. रेडिओ लहान झाला, ट्रान्झिस्टर आले, पुढे हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या. तरी इवलेसे विमान वाऱ्यात उडवणे अवघडच राहिले, ते या गणितामुळे.

म्हणून एरोमॉडेलिंग ही दीर्घकाळ हाताची विद्या होती. एनसीसीच्या हवाई शाखेत ती शिकवली जाते. बाल्सा लाकूड कापणे, पातळ कागद ताणून चिकटवणे, वजनाचा मध्य शोधणे हे सगळे गुरूजवळ बसून शिकायचे. मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकलो, कॉलेजात नाही, त्यामुळे या मंडळींबद्दल मला आपुलकी आहे. महिनाभर खपून केलेले विमान पहिल्या अर्ध्या मिनिटात मातीत जाणे हा त्या विद्येचा प्रवेश-कर होता. तो भरण्याची तयारी असलेले थोडे असत, म्हणून आकाशात विमानेही थोडी असत.

माशीची युक्ती

फिरणारा भोवरा लहान करायला मर्यादा आहे. त्याला मोटर लागते, आस लागतो, तेल लागते. निसर्गाने हा पेच फार पूर्वी सोडवला होता. घरमाशीला मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गुटळ्या असतात. त्या काढल्या तर माशीला नीट उडता येत नाही, हे इंग्रज अभ्यासक विल्यम डेरहॅम याने १७१४ मध्येच नोंदवले होते. त्या गुटळ्या फिरत नाहीत, थरथरतात. माशी वळली की थरथरीची दिशा किंचित वाकते आणि माशीला आपण वळल्याचे कळते. जत्रेतल्या फिरत्या चक्रीवर सरळ चालू पाहणारा माणूस जसा बाजूला ओढला जातो, तसेच हे. या ओढीचे गणित कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ मध्ये मांडले.

सिलिकॉनच्या तुकड्यात अशीच थरथरणारी पट्टी कोरण्याचे काम १९९० च्या आसपास अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेत झाले. मोटारगाडी घसरू नये म्हणून तो जायरो गाड्यांत गेला. २००९ मध्ये तो निन्तेन्दोच्या व्हिडिओ गेममध्ये होता, २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये. लाखोंनी बनू लागल्यावर किंमत कोसळली. त्या सुमाराची एमपीयू-६०५० ही चिप घ्या : चार मिलिमीटर लांब, चार रुंद, एक मिलिमीटरहूनही पातळ, आणि तिच्यात तिन्ही दिशांचे जायरो, शिवाय तिन्ही दिशांचे वेगबदल मोजणारे मापक. स्पेरीचा सगळा डोलारा तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढ्या जागेत आला.

सराफाचा काटा

माझ्या भाच्याचा मुलगा असे एक विमान घेऊन मंचरला आला होता. फोमचे पंख, नखाएवढी मोटर, एका पेशीची बॅटरी. त्याचे वजन पाहायला आम्ही सराफाच्या दुकानात गेलो. काटा बत्तीस ग्रॅमच्या थोडा खाली थांबला. सराफ म्हणाले, “तीन तोळे भरले.”

शाळेच्या मैदानावर त्या दिवशी घाटाकडून वारा होता. नाणेघाटात पावसाळ्यात खाली पडणारे पाणी उलटे वर उडवणारा हा वारा. उन्हाळ्यातही तो सरळ वाहत नाही. तीन तोळ्यांच्या विमानाने अशा वाऱ्यात पाचोळ्यासारखे जायला हवे होते. ते गेले नाही. दर धक्क्याला जायरो सांगत होता, की हातातल्या दांडीने मागितले नव्हते एवढे आपण कललो. आणि शेपटाची पट्टी माणसाच्या नजरेत येण्याआधी उलटी वळत होती. मुलाने फक्त कुठे जायचे ते सांगितले. कसे टिकायचे हे विमानाने स्वतः पाहिले. नवव्या वर्षी, पहिल्याच दिवशी, एकही विमान न मोडता तो उडवू लागला.

या सोयीने हाताची विद्या गेली, अशी हळहळ जुन्या मंडळींकडून ऐकू येते. ती खोटी नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे.

खेळण्यातून यंत्र

विमानाला जायरो नसला तरी पंखांच्या ठेवणीमुळे ते थोडेफार स्वतःहून सावरते. चार पंख्यांच्या ड्रोनचे तसे नाही. त्याला तोल असा नाहीच. चारही मोटरींचा वेग सेकंदात शेकडो वेळा बदलत राहिला तरच ते हवेत टिकते. विमानाला जी चिप सोय आहे, ती ड्रोनचा प्राण आहे. मॉडेल विमानांच्या आणि खेळण्यांच्या बाजाराने जी साधने स्वस्त केली, त्यांवरच ड्रोन उभे राहिले.

महाराष्ट्राला याचे दर्शन २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’च्या पडद्यावर झाले. चित्रपटातले ते उडते यंत्र आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीचे होते. याच कंपनीने पुण्याजवळच्या दिघीतील डीआरडीओच्या संस्थेबरोबर ‘नेत्र’ हे टेहळणी ड्रोन केले, आणि २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेल्यांना शोधायला ते वापरले गेले. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका दुकानाने ड्रोनने पिझ्झा पोचवून दाखवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम होईपर्यंत खासगी वापरच थांबवला. नियम डिसेंबर २०१८ पासून आले, आणि ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ते बरेच सैल केले. वजनाची उतरंड ठरली. अडीचशे ग्रॅमपर्यंतचे ते ‘नॅनो’. ते उडवायला परवाना लागत नाही. आमचे तीन तोळे तर त्याच्या आठव्या हिश्श्याइतके.

पूर्वी आकाशात कोण येणार हे कौशल्य ठरवत असे. कौशल्याची अट संपल्यावर ते काम कायद्याकडे आले. आणि कायदा वजन पाहतो, क्षेत्र पाहतो. खालच्या माणसाला वर काय दिसते, ते त्याच्या तक्त्यात नाही.

खालून पाहणारे

आमच्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण या आकाशाशी आमचे जुने व्यवहार आहेत. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. खोडदला गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी उभारली : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही जागा निवडण्यामागे एक मोठे कारण होते, इथली रेडिओ-शांतता. आकाशगंगेपलीकडून येणारा हुंकार ऐकायचा तर शेजारी गोंगाट नको. खेळण्यातली विमाने २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, दुर्बिणीचे कान त्याहून खालच्या पट्ट्यात असतात. तरी कोणतेही डिजिटल यंत्र थोडी कुजबुज इतर पट्ट्यांतही सांडतेच. शांतता ही इथे मोजता येणारी वस्तू आहे.

दुसरा व्यवहार भीतीचा. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि इथला बिबट्या उसात जन्मतो, उसातच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात महिन्याच्या आत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुले. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी अंधारात बिबट्याचा ठाव लागला तो शरीराची उष्णता टिपणाऱ्या ड्रोनमुळे. त्या रात्री वर घोंघावणारे यंत्र गावाला आधार वाटले.

पण त्याच्या वर्षभर आधी, २०२४ च्या पावसाळ्यात, पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री फिरणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी गावेच्या गावे जागी राहिली होती. चोर टेहळणी करतात, अशी समजूत पसरली. तरुणांनी गस्ती घातल्या. यंत्र तेच, आवाज तोच, पोटातली चिपही त्याच जातीची. फरक एवढाच, की ते कोणाचे आणि कशासाठी, हे खाली कोणालाही माहीत नव्हते.

आणि एक तिसरे उदाहरण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावठाणांवरून फिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदाविना असलेल्या घरांना मालमत्तेचे पत्रक मिळण्याची वाट मोकळी झाली. या मोजणीची रीत पाहण्याजोगी आहे. ड्रोन येण्याआधी ग्रामसभा होते. मग प्रत्येक जण आपल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतो, शेजाऱ्यासमोर, भांडण असेल तर ते मिटवून किंवा नोंदवून. त्यानंतरच यंत्र वर जाते. वरचा डोळा काय पाहणार, हे खालच्यांनी आधी आखलेले असते.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या मालाची जकात त्यात पडे, असे आमच्याकडे मानतात. वाट रुळली की तिच्यावर कोणी, कशासाठी आणि काय देऊन चालायचे, याची रीत गावाने आणि राज्याने मिळून बसवायची, हा त्यातला अर्थ. तीन तोळ्यांच्या विमानाने डोक्यावरची वाट रुळवली आहे. मुलाच्या हातातल्या त्या खेळण्याला कोणी अडवू नये, असेच मला वाटते. शाळाशाळांत ते पोचावे आणि मुलांनी ते खोलून पाहावे. मात्र रात्री शिवारावर यंत्र पाठवणाऱ्याने, मग तो वनखात्याचा असो, मोजणीचा असो की फवारणीचा, आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात : कोणाचे, कधी, कशासाठी. पूर्वी याला दवंडी म्हणत. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही, खडूचा एक तुकडा पुरेल.