मधे वाहते शापोरा

तुयेच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट शापोरा नदी ओलांडून कामुर्लीला लागते. मधे काही मिनिटांचे पाणी. पण १५४३ पासून १७८८ पर्यंत, तब्बल २४५ वर्षे, हे पाणी राज्याची हद्द होते. पलीकडे पोर्तुगीजांचा बार्देश, अलीकडे आधी आदिलशाहीचे आणि शेवटी सावंतवाडीच्या, म्हणजे वाडीकर, सावंतांचे पेडणे. बार्देशात ख्रिस्ती वस्ती दाट आणि पेडण्यात हिंदू बहुसंख्य, हा फरक मुख्यतः या तारखांनी केला. पेडणे पोर्तुगीजांच्या हाती आले तोवर धर्मांतराच्या सक्तीचा जोर ओसरला होता.

पेडणे गेले ते सावंतांच्या दुबळेपणामुळे, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. वाडी आणि पोर्तुगीज यांचे संबंध नावालाच दोघांचे होते, पारडे दर वेळी तिसऱ्याने झुकवले. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईला वेढा घातला, पोर्तुगीज तिथे अडकले आणि सावंतांच्या फौजा बार्देशात घुसल्या. पुढे तिसऱ्या खेम सावंतांनी शिंद्यांशी सोयरीक केली, दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ किताब मिळवला. तो कोल्हापूरकरांना खुपला आणि लढाई जुंपली. त्या लढाईत मदत हवी म्हणून वाडीने १७८८ च्या तहाने पेडणे महाल पोर्तुगीजांना दिला.

यावर कोणी म्हणेल, पोर्तुगीजांनी पेडणे कधी ना कधी घेतलेच असते. १७४६ मध्ये व्हाइसरॉयने पोर्तुगालहून आणलेल्या ताज्या फौजेनिशी पेडण्यातला हळर्णचा (पोर्तुगीजांच्या तोंडी आलोर्ना) किल्ला जिंकला होता, त्यावरून त्याला ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हा किताबही मिळाला. हे खरे. पण नुसत्या बळाने काम भागते, तर पेडणे मिळायला आणखी ४२ वर्षे लागली नसती. आणि मिळाले तेही तहाने. रक्ताची, भाषेची जवळीक अशा वेळी आड येत नाही. कोल्हापूर आणि वाडी, दोन्ही घराणी भोसल्यांचीच. त्याच काळात रशियाने प्रशिया आणि (१७९३ ची वाटणी वगळता) ऑस्ट्रिया यांच्या साथीने १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत पोलंड नकाशावरून पुसला. रशियन आणि पोलिश तर एकाच स्लाव्ह कुळातल्या भाषा.

तहाने हद्द तेरेखोल नदीकडे सरकली, माणसे सरकली नाहीत. पेडण्याच्या सोयरिकी सावंतवाडी, बांदा, शिरोडा इकडे होतच राहिल्या. आज शापोरेचे वरचे पाणी दोडामार्ग तालुक्यात तिळारी धरणात अडते. धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचे सामायिक, १९९० च्या करारातले. पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा.