सही ‘स्टीव्ह’ची, कारभार बाईचा

मंडळी, एक ओळखीचे चित्र आधी डोळ्यांपुढे आणा. ग्रामपंचायतीच्या कचेरीत सरपंच म्हणून पाटीवर नाव एका बाईचे आहे. पण दाखल्यासाठी आपण गेलो की खुर्चीत तिचे यजमान बसलेले दिसतात. ठराव तेच सांगतात, ग्रामसेवकाशी तेच बोलतात आणि कागद तेवढा सहीपुरता घरी जातो. नाव बाईचे, कारभार पुरुषाचा. सगळीकडे असेच असते असे मी म्हणत नाही. कंत्राटदाराला भर सभेत जाब विचारणाऱ्या सरपंचबाईही मी पाहिल्या आहेत. पण हे चित्र आपल्याला अगदीच अपरिचित आहे, असेही कोणी म्हणणार नाही.

आता याच्या बरोबर उलटे चित्र पाहा. १९६२ साली इंग्लंडात एका बाईने कंपनी काढली. भांडवल तिचे, अक्कल तिची, कारभारही सगळा तिचाच. पण पत्राखाली सही मात्र पुरुषाच्या नावाने! असे का करावे लागले आणि पुढे काय झाले, ती हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. संगणकाच्या धंद्यात बाई नोकर म्हणून आली ती मालकीण, संचालक आणि अध्यक्ष कशी झाली, या इतिहासाचा धागा तिच्या हकीकतीत चांगला हाती लागतो.

संचालक म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या दूधसंस्थेला, पतपेढीला, साखर कारखान्याला संचालक मंडळ असतेच. व्यवस्थापक कोण नेमायचा, कर्ज काढायचे की नाही, नफा वाटायचा की राखून ठेवायचा, हे सगळे त्या टेबलाभोवती ठरते. कंपनीचेही तसेच असते. कंपनीत हजार बाया काम करीत असतील. पण त्या टेबलाभोवती एकही नसेल, तर बाळंतपणाची रजा किती आणि बढती कोणाला, हे प्रश्न बायांवाचूनच सुटतात. म्हणजे बहुधा सुटतच नाहीत.

गंमत अशी, की संगणकाच्या कामात बाया काही मागाहून आल्या नाहीत. त्या आरंभापासून होत्या. अमेरिकेत ‘एनिअॅक’ नावाचा खोलीभर मोठा संगणक तयार झाला आणि १९४६ साली तो लोकांना दाखवण्यात आला. त्या यंत्राला गणित कोणत्या क्रमाने करायचे हे शिकवणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या, सहा तरुणी होत्या. गौरव झाला तो यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचा. या सहाजणींची नावे लोकांना कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. त्या काळी यंत्र बांधणे हे पुरुषाचे मोठे काम आणि त्याला आज्ञा लिहून देणे हे कारकुनी काम, असा समज होता. हेच ‘कारकुनी’ काम पुढे अब्जावधींचा धंदा होणार आहे, हे तेव्हा फार थोड्यांना दिसले. ज्यांना दिसले, त्यांतली एक म्हणजे आपली आजची नायिका.

तिचे नाव स्टेफनी शर्ली. जन्म १९३३ सालचा, जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरातला. वडील न्यायाधीश आणि ज्यू. हिटलरच्या राज्यात ज्यूंवर काय प्रसंग आला, हे आपण जाणता. १९३९ साली, महायुद्ध पेटण्याच्या थोडे आधी, पाच वर्षांच्या या मुलीला आणि तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीला आईबापांनी व्हिएन्नाहून आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडले. अशा रीतीने सुमारे १०,००० मुले त्या वेळी इंग्लंडात पोहोचली. परक्या घरी, परक्या भाषेत ही मुलगी वाढली. आपला जीव वाचला तो वाया जाऊ द्यायचा नाही, ही खूणगाठ तिने लहानपणीच बांधली, असे ती पुढे नेहमी सांगत असे.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. या मुलीला गणिताची गोडी होती. पण तिच्या मुलींच्या शाळेत तिला हवे तेवढे गणित शिकवण्याची सोयच नव्हती. मुलींना गणित कशाला, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे! तेव्हा गणिताच्या तासाला ती शेजारच्या मुलांच्या शाळेत जाऊ लागली. एका मुलीसाठी दोन शाळांनी एवढी सोय करून दिली. ती केली नसती, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

अठराव्या वर्षी ती टपालखात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग असे करीत तिने गणिताची पदवी मिळवली. पुढे ती संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. काम उत्तम होते, पण बढतीची वेळ आली की दार बंद. अखेर तिने ठरवले, की आपल्याला वर चढायला शिडी मिळत नसेल तर आपण आपलेच घर बांधावे.

१९६२ साली तिने ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी काढली. भांडवल किती? फक्त ६ पौंड. कचेरी कुठे? राहत्या घरात. आणि विकायचा माल कोणता? संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम. त्या काळी प्रोग्रॅम यंत्राबरोबर फुकट मिळायचा. यंत्र घेतले की आज्ञावली आलीच! ती वेगळी विकायची आणि तीही एका बाईने, या कल्पनेला लोक हसले.

तिने मोठमोठ्या कंपन्यांना पत्रे लिहिली. कोणी उत्तर देईना. तेव्हा तिचे यजमान डेरेक म्हणाले, “तू स्टेफनी अशी सही करू नकोस. घरी तुला स्टीव्ह म्हणतात, तीच सही कर की.” तिने तसे केले आणि उत्तरे येऊ लागली. ‘स्टीव्ह’ भेटायला आत येई, तेव्हा खुर्चीतल्या साहेबांना कळायचे की ही तर बाई आहे! पण तोवर ती दारातून आत आलेली असे. पत्र तेच, मजकूर तोच, अक्कलही तीच. बदलले काय, तर सहीतली चार अक्षरे.

कामाला तिने माणसे कोण घेतली? लग्न झाले म्हणून, मूल झाले म्हणून नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बाया. त्या काळी तिथेही मूल झाले की बाईची नोकरी संपली, असेच धरून चालत. गणितात पारंगत असलेल्या अशा कितीतरी जणी घरी बसून होत्या. प्रोग्रॅम तेव्हा कागदावर पेन्सिलीने लिहीत. त्याला यंत्र जवळ असायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मूल निजले की ही बाई कागद पुढे ओढायची आणि लिहिलेले काम मग यंत्रापर्यंत पोचवले जाई. घरी फोन आहे एवढे मात्र पाहून घेत. तास मोजून पगार न देता काम मोजून पैसे. आज शहरात घरून काम करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती या बायांनी त्या काळात करून दाखवली.

तिच्याच घरची एक गोष्ट ऐका. १९६३ साली तिला मुलगा झाला. घरात तान्हे मूल आणि फोनवर गिऱ्हाईक! मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून ती फोनवर बोलताना मागे टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवी. पलीकडच्याला वाटे, मोठी कचेरी आहे. हसू येते खरे, पण जरा विचार करा. मूल असणे हे त्या बाईला चोरून ठेवावे लागत होते.

काम मात्र लपणारे नव्हते. मालगाड्यांची वेळापत्रके त्यांनी संगणकावर बसवली. आवाजाहून जलद उडणाऱ्या ‘कॉन्कॉर्ड’ विमानात प्रवासाची नोंद ठेवणारी जी ‘काळी पेटी’ असे, तिचे प्रोग्रॅमही या घरबसल्या बायांनी लिहिले. कंपनीतल्या पहिल्या ३०० माणसांत पुरुष होते फक्त ३!

१९७५ साली ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष असा भेद करून नोकरी देण्यास बंदी करणारा कायदा झाला. कायदा बायांच्या भल्यासाठी केलेला. पण त्यामुळे या कंपनीचे बायांनाच काम देण्याचे धोरण बेकायदा ठरले आणि पुरुषांना दार उघडावे लागले. शर्लीबाई हे मोठ्या मौजेने सांगत.

सांसारिक बाजू मात्र सोपी नव्हती. मुलगा जाईल्स स्वमग्न निघाला. लहानपणी आलेले बोल गेले ते गेलेच. त्याला सांभाळता सांभाळता बाई एकदा पुरती खचून आजारी पडली. १९९८ साली वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. कर्तबगार बाईची कथा सांगताना आपण हा भाग गाळतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

आणि आता अधिकाराची गोष्ट. १९८७ साली तिने कंपनीचा रोजचा कारभार हिलरी क्रॉपर या दुसऱ्या बाईच्या हाती सोपवला. शिवाय कंपनीचे भाग ती हळूहळू काम करणाऱ्यांच्या नावे करीत गेली. पुढे १९९६ साली कंपनी शेअर बाजारात गेली, तेव्हा तिथले ७० जण लक्षाधीश झाले. आपल्याकडची सहकारी चळवळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल. ब्रिटनच्या संगणक सोसायटीची पहिली स्त्री अध्यक्ष होण्याचा मानही तिला मिळाला. मिळवलेल्या पैशापैकी बहुतेक सगळा तिने दान केला, त्यातला मोठा वाटा स्वमग्न मुलांसाठी. २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये, ९१ व्या वर्षी ती निवर्तली.

आता म्हणाल, ही झाली विलायतेची गोष्ट. आपल्याकडे काय? आपल्याकडेही एक पत्र आहे. सही मात्र त्यावर खऱ्या नावाची आहे. १९७४ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी हिने टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी तळटीप होती. तिने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले, नोकरी मिळाली आणि पुण्याच्या कारखान्यात पहिली स्त्री इंजिनियर उभी राहिली. याच त्या पुढच्या सुधा मूर्ती.

पण दार उघडले म्हणून टेबलाभोवतीची खुर्ची मिळते असे नाही. १९८१ साली पुण्यात ‘इन्फोसिस’ सुरू झाली, ती सुधाबाईंनी साठवलेल्या १०,००० रुपयांवर. संस्थापक सात आणि सातही पुरुष. पतिपत्नींपैकी एकानेच कंपनीत राहावे, असा नारायण मूर्तींचा आग्रह होता. बाहेर कोण राहिले, हे सांगायला नको. ती आपली चूक होती, असे मूर्तींनीच पुढे जाहीरपणे सांगितले आहे.

इतरत्रही खुर्ची फार उशिरा मिळाली. आय. बी. एम. ही कंपनी १९११ सालची; तिची मुख्य अधिकारी म्हणून पहिली स्त्री, जिनी रोमेटी, आली २०१२ साली. बाजारात नोंदलेल्या भारतीय संगणक कंपनीच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, रोशनी नाडर मल्होत्रा, बसली २०२० साली.

म्हणून कायदा आला. नॉर्वेने २००३ साली मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर शेकडा ४० जागा स्त्रियांना देण्याचा कायदा केला. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत किमान एक स्त्री संचालक सक्तीची केली. मग काय झाले? कित्येक मालकांनी आपली पत्नी, मुलगी, वहिनी यांची नावे मंडळावर घातली. कायदा पाळला, कारभार होता तिथेच राहिला! अखेर सेबी या नियामक संस्थेने २०१९ पासून पहिल्या ५०० कंपन्यांना आणि २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांना स्त्री संचालक स्वतंत्र, म्हणजे मालकाच्या नात्यागोत्याबाहेरची असावी, असे बंधन घातले.

म्हणजे फिरून आपण आपल्या ग्रामपंचायतीत आलो. १९९३ साली घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांना मिळाल्या. शेतात खपणाऱ्या सखूबाईचा प्रश्न आणि मुंबईच्या काचेच्या इमारतीतल्या बाईचा प्रश्न एकच निघाला. खुर्ची कायद्याने मिळते. पण तिच्यात बसून कागद स्वतः वाचायचा, न पटले तर ‘नाही’ म्हणायचे, हे कायदा शिकवीत नाही. ते शाळेत आणि घरात शिकावे लागते.

तेव्हा शिक्षकमित्रांना एवढीच विनंती आहे. वर्गात गणिताचे अवघड उदाहरण मुलीला फळ्यावर येऊन सोडवू द्या. चुकली तरी खडू तिच्याच हातात राहू द्या. आणि घरच्या पुरुषमंडळींना सांगणे असे, की बचतगटाची वही असो की पंचायतीचा ठराव, सही करण्याआधी तो तिला वाचू द्या, आणि तिने प्रश्न विचारला तर रागावू नका. स्टीव्हची सही करण्याची पाळी स्टेफनीवर आली, ती अशाच कोणी तिच्या नावाचे पत्र न वाचता बाजूला सारले म्हणून.