शाळेचा कारभार आणि आपण बायका

निवडणूक म्हटली की ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आमदार आणि खासदार एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आणखी एक निवडणूक आपल्या गावोगावी होत असते. तिला मिरवणूक नाही, झेंडे नाहीत, भोंगा नाही. शाळेच्या पडवीत सतरंजी अंथरून पालक बसतात, नावे सुचवली जातात, हात वर होतात आणि तासाभरात शाळेचा कारभार पाहणारी समिती ठरून जाते. पुष्कळ भगिनींना ती कधी झाली हेही कळत नाही. आपली मुले ज्या शाळेत दिवसाचे पाच-सहा तास काढतात तिचा कारभार कोणी पाहावा, हे ठरवण्याचा हक्क आपल्या दारापर्यंत यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. ती हकीकत मंडळाच्या वर्धापनदिनी सर्वांपुढे मांडावी, म्हणून हा लेख.

आपला पालघर तालुका पूर्वी माहीम तालुका म्हणून ओळखला जाई आणि तो ठाणे जिल्ह्यात होता. इंग्रजांच्या अमदानीत, १८६३ च्या सुमारास, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली. यालाच लोकल फंड म्हणत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे आणि बाकीचा रस्त्यांसारख्या कामांना जाई. म्हणजे गावची शाळा कुणाच्या दानधर्मावर चालत नव्हती, ती शेतकऱ्याच्या घामावर चालत होती. परंतु पैसा कुठे खर्च करायचा हे मात्र कलेक्टरसाहेब आणि त्यांनी नेमलेली बडी मंडळी ठरवीत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन केले, त्यात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांनी साफ सांगितले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशीही मागणी केली. पुढे नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे बिल १९११ मध्ये मांडले, ते नामंजूर झाले. विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात असा कायदा झाला, पण तो म्युनिसिपालट्यांपुरता होता. खेड्यातील मूल अजून बाहेरच राहिले.

खेड्यांपर्यंत कायदा आला तो १९२३ मध्ये. त्या वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डाकडे दिला आणि त्यासाठी स्वतंत्र स्कूल बोर्ड नेमण्याची सोय केली. शाळा कोठे काढावी, मास्तर कोण नेमावा, हे आता लोकांनी निवडलेली माणसे ठरवू लागली. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु हे लोक म्हणजे कोण, हेही पाहिले पाहिजे. लोकल बोर्डाला मत देता येई ते ज्याच्या नावे सारा किंवा मिळकत असेल त्याला, आणि स्कूल बोर्डाचे सभासद पुन्हा लोकल बोर्डातूनच निवडले जात. आपल्या भागातील वारली, कातकरी मजूर किंवा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरणारी कोळीण, यांच्या नावे कसली मिळकत असणार? स्त्रियांना मुंबई कौन्सिलसाठी मताचा हक्क १९२१ मध्ये मिळाला होता खरा, पण त्यालाही मिळकतीची अट होतीच. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, मग बाईच्या वाट्याला मत कोठून येणार?

गंमत अशी की, ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या स्वतःच्या देशात १८७० पासून शाळामंडळावर बायकांना उभे राहता येत होते. त्याच वर्षी लंडनच्या पहिल्या शाळामंडळावर एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टरीण बाई आणि एमिली डेव्हिस अशा दोघी निवडून आल्या. तिथल्या बायकांना पार्लमेंटसाठी मत मिळाले ते १९१८ मध्ये, आणि तेही सगळ्यांना नव्हे. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे आधी त्यांना शाळेचा कारभार मोकळा झाला होता. मुलांचे शिक्षण हे आईला कळते, एवढी साधी गोष्ट तिथल्या सरकारला तेव्हाच मान्य झाली होती.

कारभारात कोण बसते यावर शाळेत कोण बसते हे अवलंबून असते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कौन्सिलात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. ठराव पास झाला, परंतु गावोगावी त्याचा अंमल रखडला. अंमल करणारे हात निराळे होते, एवढेच त्याचे कारण.

पुढे स्कूल बोर्डांत मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या यांवरून राजकारण शिरले, अशी ओरड होऊ लागली. तेव्हा बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९३८ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १९४७ मध्ये नवा कायदा आणला. बोर्ड राहिले, पण मुख्य कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे गेला. वशिला कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. मात्र गावकऱ्याला आपला सभासद गाठणे निदान शक्य होते, तिथे आता साहेबाच्या कचेरीत अर्ज घेऊन बसावे लागले.

याच काळात आपल्याच भागात दोन बाईमाणसांनी एक निराळा धडा घालून दिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी कागदावर शोधले नाही, त्या घरोघरी गेल्या. तेव्हा कळले की मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळते. मग त्यांनी गुरे चरतात तेथेच शाळा नेली, तिचे नाव कुरणशाळा. भावंडाला घेऊन येणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी केली, तिला विकासवाडी म्हणत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण आपण त्यांच्यापासून घ्यायचे ते हे, की घरातील अडचण ज्याला ठाऊक त्यालाच शाळेचे कुलूप उघडता येते. जिल्ह्याच्या टेबलावरून कडेवरचे मूल दिसत नाही.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. आपल्याकडील स्कूल बोर्डाचा कारभार जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे गेला. मतदान आता प्रत्येक सज्ञान माणसाला होते, मिळकतीची अट उरली नाही. तरी बायका तेथे क्वचितच दिसत. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून त्यांना एक तृतीयांश जागा राखल्या आणि आपल्या राज्याने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मोखाडा, जव्हारच्या लोकांची ठाण्याची खेप वाचली.

परंतु हक्क खऱ्या अर्थाने शाळेच्या पडवीत आला तो १ एप्रिल २०१० पासून. त्या दिवशी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्या राज्यात तिचे बारा ते सोळा सभासद ठरले. चारांतले तीन सभासद त्या शाळेतील मुलांचे पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत. पालक सभासद पालकसभेने निवडायचे, अध्यक्ष पालकांतूनच व्हायचा, आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहणार. शाळेवर देखरेख ठेवणे, आलेल्या पैशाचा विनियोग पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे ही तिची कामे. आणि भगिनींनो, सभासद होण्यास शिक्षणाची अट नाही. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. एके काळी मराठी सातवी पास झालेला माणूस मास्तर होई, मग आपल्याला शाळेचा हिशेब विचारता येऊ नये काय?

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगते. कित्येक ठिकाणी समितीत नाव बाईचे आणि सभेला येतो तिचा नवरा. कोठे इतिवृत्ताचे बुक घरी सहीसाठी पाठवले जाते. माझ्या पाहण्यातील एका शाळेत सभा दुपारी बारा वाजता होई. सभासद बायकांपैकी एक त्या वेळी बाजारात मासळी विकत असे, दुसरी बोईसरच्या कारखान्यात पाळीवर असे. एका सभेला त्या मुद्दाम खाडा करून आल्या आणि सभा शनिवारी संध्याकाळी घ्यावी असे म्हणाल्या. कोणाचीच हरकत निघाली नाही, कारण तोवर कोणी विचारलेच नव्हते. वेळ बदलल्यावर पहिल्याच सभेत एकीने विचारले, "पाचवी-सहावीच्या मुली दुपारी घरी का पळतात?" संडासात पाणी नाही, हे त्याचे उत्तर पुरुष सभासदांना ठाऊकच नव्हते. ठराव लिहिला गेला, पंचायतीकडे दोन-तीन खेपा झाल्या आणि नळ आला. काम मोठे नव्हते. पण ते बायका सभेला आल्या म्हणूनच झाले.

मोठे प्रसंगही येतात. २०१७ मध्ये शासनाने कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचे ठरवले होते. शहरात जवळ म्हणजे पलीकडची गल्ली. आपल्या पाड्यांवर जवळ म्हणजे पावसात ओढा ओलांडून जाणे. मूल त्या वाटेने जाईल की नाही, विशेषतः मुलगी जाईल की नाही, हे आईखेरीज कोण सांगणार? अशा वेळी समितीचा ठराव हेच आपले तोंड. तो लिहिणाऱ्या समितीत आपले माणूस नसेल, तर आपण मुक्या.

तेव्हा माझी मंडळाच्या सर्व भगिनींना आणि शेजारणींना विनंती आहे. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी पालकसभेची तारीख विचारून घ्यावी, त्या दिवशी जावे आणि आपले नाव पुढे करावे. ज्यांची मुले मोठी झाली त्यांनी शेजारणीचे मूल तासभर सांभाळावे आणि तिला सभेला धाडावे. निवडून आल्यावर सही करण्यापूर्वी इतिवृत्त वाचावे. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगावे, त्यात कमीपणा मानू नये. सारा भरणाऱ्यांचे राज्य जाऊन मुलाच्या आईला मत आले आहे. ते वापरले नाही, तर दोष कोणत्याही साहेबावर टाकता येणार नाही.