भयाने दिलेला पैसा

'खंडणी' हा शब्द आज कानी पडला की धमकीची चिठ्ठी आणि पोलीसचौकी डोळ्यांपुढे उभी राहते. पण या शब्दाचे पूर्वायुष्य प्रतिष्ठेचे होते. जुनी पत्रे व बखरी चाळाव्या, तो तेथे खंडणी ठरवणारे, भरणारे आणि बाकी ठेवणारे सारे राजरोस वावरताना दिसतात. आमच्या वऱ्हाडाने तर १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोन धन्यांचे देणे सोसले. राजाने घेतली तर ती राजनीती! तिचा गुन्हा झाला तो राजाचा चाकर स्वतःच्या खिशासाठी हात पुढे करू लागला तेव्हा. असे एक प्रकरण पुण्यास घडले, आणि त्यात घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांचेच हाल अधिक झाले.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे १८६५ साली मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस कर्तबगार. त्यांच्या नावाचा मुंबईचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. त्याला आता महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव आहे. सरकारी नोकर शेतकऱ्याला कसे नाडतात हे ज्यांनी परखडपणे लिहिले, त्यांचेच नाव तेथे यावे हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

पुढे क्रॉफर्डसाहेब पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर झाले. मामलतदारांच्या (वऱ्हाडी वाचकांनी तहसीलदार म्हणावे) बदल्या-बढत्या त्यांच्या हाती होत्या. साहेबांचा खर्च अफाट, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. हणमंतराव राघवेंद्र नावाचा गृहस्थ मध्यस्थ म्हणून वावरू लागला. पैसे पोचते करावे, म्हणजे बढती मिळे वा नको असलेली बदली टळे, असा बोभाटा विभागभर झाला. ज्याच्या घरी म्हातारे आईबाप आणि शाळेत जाणारी मुले, त्याने दूरच्या बदलीचे नाव ऐकून काय करावे?

१८८८ साली लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी आरंभली. साहेब वेष पालटून पुण्याहून निसटले आणि मुंबईस पकडले गेले. हणमंतरावावर खटला होऊन तो तुरुंगात गेला. पण साहेबांविरुद्ध साक्ष देणार कोण? लाच देणाराही गुन्हेगारच. तेव्हा पोलीसप्रमुख ओमानी यांच्यामार्फत सरकारने मामलतदारांना अभय दिले: खरे सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही, नोकरीही जाणार नाही. त्या शब्दावर विसंबून मामलतदार पुढे आले.

कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसले. अशा खटल्यात बचावाच्या वाटा ठरलेल्या असतात. पैसे मध्यस्थाला दिले, ते साहेबांपर्यंत पोचल्याचा पुरावा कोणता? साक्षीदार स्वतः गुन्ह्यातले भागीदार. त्यांतून अभयाच्या बदल्यात बोलणारे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही, साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा टेकू नसेल तर ती विश्वासार्ह मानू नये, असे गृहीत धरण्याची मुभा न्यायाधीशाला होती. लाचेच्या आरोपांतून साहेब सुटले. आपल्या विभागातील लोकांकडून कर्ज काढल्याचा ठपका मात्र राहिला आणि त्यापायी नोकरी गेली.

खरे वादळ पुढेच उठले. लाच दिल्याचे कबूल करणारे मामलतदार मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कसे बसतात, असा गिल्ला विलायतेत झाला आणि सरकारचे वचन डळमळू लागले. त्या वेळी तेहतीस वर्षांचे टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. 'केसरी'तून लिहिले, १८८९ मध्ये पुण्यात सभा भरवली, लंडनला विल्यम डिग्बींना प्रकरण कळवले. अखेर त्यांच्यावर खटले होऊ नयेत म्हणून त्याच वर्षी कायदा झाला. पण नोकरीच्या बाबतीत वचन पुरते पाळले गेले नाही. दडपणाखाली ज्यांनी दिले ते राहिले. बढतीच्या लोभाने ज्यांनी दिले त्यांना काढले.

ही जी रेघ ओढली गेली, तीच लाच आणि खंडणी यांमधली रेघ आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, वकील नव्हे. पण आमच्या मानोऱ्यात कचेरीचा कागद आला की पुष्कळदा तो मास्तरांकडे वाचायला येतो, म्हणून हे कलम मी वाचून ठेवले आहे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३८३ सांगे, की इजेचे भय घातले पाहिजे, ते मुद्दाम आणि लबाडीच्या हेतूने घातले पाहिजे, आणि त्या भयानेच माल, पैसा किंवा सहीचा दस्त हाती दिला गेला पाहिजे. त्यातला एक दाखला तर कोण्या शेतकऱ्याने सांगितल्यासारखा आहे: रोख्यावर सही कर, नाहीतर लाठीवाले पाठवून तुझे शेत नांगरून टाकतो! १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तीत हेच कलम ३०८ आहे, आणि साध्या खंडणीची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षे झाली.

ज्याच्यावर खोटा आरोप आला, त्याचा वकील या तीन गोष्टींतली कच्ची कडी शोधतो. पैसा दिलाच गेला नाही, तर खंडणी पुरी होत नाही. मात्र खंडणीसाठी भय घालणे हा त्याच कलमात वेगळा गुन्हा आहे, हे विसरू नये. पैसा दिला, पण राजीखुशीने दिला, तर भय कोठे? आणि मागणारा आपली हक्काची उसनवारी मागत असेल, तर लबाडीचा हेतू टिकत नाही. म्हणून हिशेबाची वही, पावत्या आणि आलेली पत्रे यांचे मोल फार. अर्थात हक्काच्या पैशासाठीही धाक घालू नये. त्याला धमकीचे कलम निराळे आहे. आणि आरोप आल्यावर फिर्यादीच्या दारात जाऊन 'बघून घेतो' म्हणणे म्हणजे तर आपणच त्याच्या बाजूने साक्ष देणे.

क्रॉफर्डसाहेबांचे पुढे काय झाले? त्यांनी विलायतेत पुस्तके लिहिली. १८९४ साली एका हिंदुस्थानी पोलीस अंमलदाराच्या आठवणी म्हणून त्यांचे एक पुस्तक निघाले. इतक्या मंडळींमधून त्यांना पोलिसाचीच भूमिका घ्यावीशी का वाटली, हे मी कादंबऱ्या लिहिणारा असूनही मला उमगलेले नाही.