डोकं खाली आहे

गेल्या शनिवारी ट्रेकचा बेत रद्द झाला. दादा साइटवर अडकलेला, वहिनीला आठवा लागलाय आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितलेली. तेव्हा कामशेतहून तिला तळेगावला नेऊन आणायची जबाबदारी अस्मादिकांवर आली. लोकलनं तिसरं स्टेशन. कान्हे, वडगाव, तळेगाव.

सेंटरच्या भिंतीवर ती पाटी होतीच. इथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी आपण इतक्यांदा पाहिलेली असते की ती आता दिसतच नाही. मग काउंटरवरच्या ताईंनी एक फॉर्म पुढे केला. नाव 'फॉर्म एफ'. त्यात नाव, वय, पत्ता, तपासणी कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं वगैरे नेहमीचं. आणि एक रकाना असा: आधीची अपत्ये किती, त्यात मुलगे किती, मुली किती. वहिनीनं लिहिलं, मुलगी एक. शेवटी तिचं निवेदन, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्याखाली सही.

मी पडलो डेटाबेसवाला माणूस. कुठलाही फॉर्म दिसला की हा रकाना कुणी टाकला आणि का, हा किडा डोक्यात वळवळतो. आठव्या महिन्यात बाळाची वाढ बघायची आहे. त्यासाठी घरात किती मुली आहेत ते कशाला हवं?

उत्तर अर्थातच मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. पण ते उत्तर आपल्यापर्यंत कसं पोचलं, याचा इतिहास नीट माहीत नव्हता. रविवार त्यातच गेला.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. सर्व्हर जिवंत आहे का बघायला आपण 'पिंग' करतो. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९८३ साली ही कमांड लिहिली आणि नाव ठेवलं सोनारच्या आवाजावरून. आवाज सोडायचा, परत येईपर्यंत थांबायचं, किती वेळ लागला ते मोजायचं. सोनोग्राफीही हेच करते. शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर या वेगानं जातो. दहा सेंटीमीटर खोलवरच्या वस्तूवर आपटून प्रतिध्वनी परत यायला जेमतेम १३० मायक्रोसेकंद लागतात. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरणारा प्रोब साधारण पस्तीस लाख हर्ट्झवर बोलतो. असे असंख्य पिंग मोजून पडद्यावर ते करडं, धुरकट चित्र तयार होतं.

लोणावळ्याची एक गंमत आहे. समुद्र नाही, पण नौदल आहे. नौदलाचे इंजिनियर घडवणारी आयएनएस शिवाजी १९४५ पासून इथल्या डोंगरात आहे. सोनोग्राफीचंही तसंच. दवाखान्यात बसून वाटत नाही, पण तिचं मूळ समुद्रात आहे. १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या भावांना दिसलं की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते. उलटही होतं, वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायला तेच वापरलं. पुढे हे तंत्र कारखान्यांत आलं. बॉयलरच्या पत्र्यात, जहाजाच्या सांगाड्यात आत कुठे चीर आहे का, हे न कापता कळू लागलं.

माणसाच्या पोटात न कापता बघायचं साधन तेव्हा एकच होतं, क्ष-किरण. आपल्या लोणावळ्यालाच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान, नौली करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासायला सुरुवात केली होती. आपल्या गावाजवळ शंभर वर्षांपूर्वी कुणी असा विचार करत होतं हे वाचून मला जाम भारी वाटलं. पण क्ष-किरणांची एक अडचण होती. जगभर गरोदर बायकांचेही एक्स-रे सर्रास काढले जात. १९५६ साली ऑक्सफर्डच्या डॉ. अॅलिस स्टुअर्ट यांनी दाखवलं, की पोटात असताना एक्स-रे काढलेल्या मुलांमध्ये बालपणीच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे.

नेमकं त्याच सुमारास ग्लासगोत इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळ्या वाटेनं निघाले होते. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत भरून एका बॉयलर कारखान्यात गेले आणि तिथल्या चीर शोधणाऱ्या यंत्राखाली त्या धरून बघितल्या. तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही होता. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येत होते! पुढे टॉम ब्राऊन हा ऐन विशीतला इंजिनियर त्यांना येऊन मिळाला. डॉक्टर जुन्या यंत्राशी झटापट करताहेत असं त्याच्या कानावर आलं आणि त्यानं सरळ फोनच लावला. (आपण अशा वेळी ईमेल टाकून 'सीसी'त मॅनेजरला घालतो. असो.) या जोडीनं एका बाईला तपासलं. तिला पोटाचा कर्करोग आहे, आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही, असं निदान झालेलं होतं. यंत्रानं दाखवलं की ती बीजकोशाची पाण्यानं भरलेली मोठी गाठ आहे. ती काढली, कर्करोग नव्हताच, बाई वाचली. जॉन मॅकविकार या सहकाऱ्यासह त्यांचा निबंध ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला.

आज हे यंत्र काय काय करतं याची यादी लांबलचक आहे. पित्ताशयातले खडे, किडनीतले खडे, हृदयाची टू-डी एको, यकृत किती कडक झालंय त्याचं मोजमाप. सुई नेमकी कुठे टोचायची ते दाखवणं. एक्स्प्रेसवेवर अपघात झालेल्या माणसाच्या पोटात रक्त साचतंय का, हे काही मिनिटांत सांगणं. ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गर्भाशयातल्या गाठी जाळणं किंवा मेंदूतला एक बारीक ठिपका जाळून हाताचा कंप थांबवणं, इथपर्यंत मजल गेली आहे.

आणि आपण? आपण त्यातून काय शोधलं?

१९७०च्या दशकात गर्भजल परीक्षा भारतात आली, ती गर्भातले दोष बघायला. लवकरच ती मुलगी आहे का हे बघायला वापरली जाऊ लागली. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती मुंबईत उघडपणे लागत. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते उभे राहिले. त्यामुळे १९८८ साली गर्भलिंग निदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला. हे वाचून छाती फुगवायची की मान खाली घालायची, ते मला कळलं नाही. कायदा पहिला आपल्याकडे आला, कारण ओरड करणारी माणसं इथे होती. पण ओरड करण्याजोगं घडतही इथेच होतं.

केंद्राचा कायदा १९९४ ला झाला, १९९६ पासून लागू झाला. तोवर सोनोग्राफीची मशिन्स तालुक्यांपर्यंत पोचली होती. सुई नाही, वेदना नाही, डाग नाही. कायदा कागदावर, मशीन जोरात. २००० साली 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. त्यांचं मागणं एवढंच की असलेला कायदा राबवा. कोर्टानं सरकारांना फटकारलं, सेंटरांच्या नोंदणीला वेग आला, २००३ साली कायद्यात सुधारणा होऊन तो आजचा पीसीपीएनडीटी झाला. वहिनीनं भरलेला 'फॉर्म एफ' ही त्याच व्यवस्थेची कडी. त्या फॉर्ममधल्या त्रुटीही डॉक्टरला महागात पडतात. काही डॉक्टरांना हे अन्यायाचं वाटतं. त्यांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली, पण २०१९ साली कोर्टानं सांगितलं की नोंद हाच या कायद्याचा कणा आहे. आमच्या भाषेत, लॉग नसेल तर ऑडिट कशाचं करणार?

या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गर्भलिंग तपासणी झालीच, तर त्या बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला होता, असं कायदा गृहीत धरतो. उलट असेल तर ते सिद्ध करावं लागतं. म्हणजे हा मसुदा लिहिणाऱ्यांना आपली घरं चांगली माहीत होती.

आता आकडे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती? महाराष्ट्रात १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. आपला पुणे जिल्हा, विद्येचं माहेरघर वगैरे, २००१ साली ९०२ आणि २०११ साली ८८३. म्हणजे आयटी पार्क उभे राहत होते, एक्स्प्रेसवे झाला, घराघरात मोबाइल आले, आणि त्याच दहा वर्षांत मुली कमी झाल्या. शिकलेल्या, कमावत्या जिल्ह्यात. याचं खापर अडाणीपणावर फोडायची सोय नाही.

कोल्हापूरचा आकडा २००१ मध्ये ८३९ इतका वाईट होता. तिथे कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुख यांनी (हेच पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले) सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडायला लावली. मशीनवर जे दिसतं त्याची नोंद त्या पेटीत राहते. शिवाय 'फॉर्म एफ' ऑनलाइन भरायचा. रेडिऑलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली. २०११ साली हायकोर्टानं त्यांची याचिका फेटाळली. बाईच्या पोटातलं चित्र असं साठवून ठेवणं हा तिच्या खाजगीपणावर घाला नाही का, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मलाही टोचतो. २०११ मध्ये कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला. तो एका पेटीनं वाढला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण राज्याचा आकडा घसरत असताना तो वाढला, एवढं खरं.

इथवर वाचून मी खूश होतो. समस्या, कायदा, सॉफ्टवेअर, आकडे. मग आजीशी बोललो आणि सगळं पुन्हा विस्कटलं.

आजी आंदर मावळातली. खांडीच्या बाजूला, ठोकळवाडी धरणाच्या वरच्या अंगाला तिचं सासर. तिचं पहिलं बाळंतपण घरीच सुरू झालं. दोन दिवस कळा. सुईण म्हणाली मूल आडवं आहे. भरपावसात झोळी करून चौघांनी तिला कान्ह्यापर्यंत आणलं. आजी वाचली. बाळ गेलं. "आडवं व्हतं ते कुनाला दिसनार रं आत," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलगा होता की मुलगी, ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

आज मूल आडवं आहे की नाही, वार खाली सरकली आहे की नाही, हे ओळखायला खोलीभर यंत्र लागत नाही. फोनला जोडायचा प्रोब मिळतो, खिशात मावतो. तंत्रज्ञानाच्या हिशेबानं तो आशाताईच्या पिशवीतून वाडीवर पोचायला हरकत नाही. पण तो पोचत नाही. २०१२ साली नियम बदलले. असं फिरतं यंत्र एक तर नोंदणी झालेल्या दवाखान्याच्या आवारात तिथे भरती असलेल्या पेशंटसाठी वापरायचं, नाहीतर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. बस. कारण खिशात मावणारं यंत्र रात्री कुणाच्याही गाडीत बसून कुठल्याही घरी जाऊ शकतं.

मला हा नियम चुकीचा म्हणता येत नाही. आकडे वर दिलेच आहेत. पण त्याची किंमत कोण मोजतं ते बघा. गर्भलिंग बघायला पैसे मोजणारं घर बहुधा गाडीवालं असतं. ते चार जिल्हे ओलांडून जाईल. आणि आठव्या महिन्यात जीपमध्ये बसून सावळ्याहून, खांडीहून तळेगाव गाठते ती बाई, जिला बाळ सरळ आहे ना एवढंच हवं असतं. यंत्र लहान होत गेलं आणि आपल्यावरचा विश्वास त्याहून लवकर लहान झाला. आपल्या करणीमुळे कुलूप लागलं आणि दाराबाहेर ती उभी राहिली.

यावर माझ्याकडे उपाय नाही. प्रोब फक्त ठरावीक गोष्टीच दाखवेल, बाकी लपवेल, असं सॉफ्टवेअर करता येईल का, हा विचार रविवारी रात्री डोक्यात घोळत होता. करता येईलही. पण आपण लावलेलं कुलूप फोडणारा दुसरा कुणी इंजिनियर असतोच, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तो फोडेल, कारण पैसे देणारं घर आहे. ते घर कदाचित आपल्याच सोसायटीत असेल.

तर शनिवारी तळेगावहून परत आलो तेव्हा शेजारच्या काकू आल्याच होत्या. "काय सांगितलं मग डॉक्टरांनी?" असं विचारून त्यांनी असा काही अर्थपूर्ण पॉज घेतला, की वहिनी पाणी आणायला म्हणून आत निघून गेली. मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून आजीनं विचारलं, "सरळ हाय का?"

"हो आजी. डोकं खाली आहे. वार वर आहे. पाणीही व्यवस्थित आहे."

आजीनं मान हलवली. "झालं तर मग," म्हणाली, आणि काकूंना चहा घेणार का विचारलं.