कागदांच्या ओझ्याचा हिशेब: कॅल्व्हर्ट क्लिफ्सची कथा

१/ अणुभट्टीच्या परवान्यासाठी पर्यावरणविषयक जी कागदपत्रे तयार करावी लागतात, त्यांत माणसांचे किती तास खर्ची पडतात? प्रश्न रुक्ष वाटेल. अमेरिकेत मात्र हा अंदाज मांडणे सरकारी खात्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि त्या कागदांमागे न्यायालयातला एक मोठा झगडा आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर स्वाक्षरी केली. सिनेटर हेन्री जॅक्सन यांचा हा कायदा. नुसत्या सदिच्छेने खाती बदलत नाहीत, हे प्राध्यापक लिंटन कॉल्डवेल यांनी ओळखले होते. म्हणून त्यात एक सक्ती आली: मोठ्या निर्णयापूर्वी त्याचे परिणाम आणि पर्याय सविस्तर लिहून काढायचे.

३/ त्याच सुमारास मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी, कॅल्व्हर्ट क्लिफ्स येथे दोन अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. वाफ थंड करण्यासाठी घेतलेले पाणी तापून पुन्हा उपसागरात जाणार होते. तिथल्या जलचरांचे काय होणार, हा स्थानिकांचा प्रश्न. अणुऊर्जा आयोग आजवर म्हणत आला होता की आपला संबंध फक्त किरणोत्सर्गाशी.

४/ नवा कायदा आल्यावर आयोगाने नियम केले, तेही मोठ्या खुबीने. पर्यावरणाचा अहवाल अर्जासोबत जोडायचा. पण एखाद्या पक्षकाराने मुद्दा काढला नाही, तर सुनावणी मंडळाने त्याचा विचार करण्याचे कारण नाही. थोडक्यात, कागद फाइलीबरोबर टेबलामागून टेबल फिरणार आणि तो उघडण्याचे बंधन मंडळावर नसणार.

५/ नागरिकांची समिती न्यायालयात गेली. २३ जुलै १९७१ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयात न्यायमूर्ती जे. स्केली राइट यांनी आयोगाचे नियम अपुरे ठरवले. आशय असा: अहवाल अर्जासोबत असणे म्हणजे नुसता जोडलेला असणे नव्हे, कोणी तक्रार करो वा न करो, निर्णय घेणाऱ्याने तो विचारात घेतलाच पाहिजे.

६/ पुढच्याच महिन्यात जेम्स श्लेसिंजर आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी अपील न करता नियम बदलले. आता अर्जदाराच्या अहवालात जागेची निवड, पाण्याचा वापर, मासे-पक्षी, विजेची गरज, पर्यायी इंधने, सारे येऊ लागले. कागद वाढला, तो असा. १९७५ मध्ये परवान्यांचे काम नव्या अणुनियामक आयोगाकडे गेले.

७/ इकडे कागदी कटकटीचा वैताग केवळ अणुउद्योगापुरता नव्हता. सरकारी अर्ज-फॉर्मांना सारा देश कंटाळला होता. ११ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कागदभार कमी करण्याच्या कायद्यावर सही केली. नागरिकांकडून वा कंपन्यांकडून माहिती मागायची, तर आधी ओझ्याचा अंदाज द्या आणि अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्या. तीही फार तर ३ वर्षांची.

८/ अंदाजाची रीत सोपी: उत्तर देणारे किती, ते वर्षाला किती वेळा देणार, दर वेळी किती तास लागणार. यांचा गुणाकार, त्यात नोंदी सांभाळण्याचे तास, आणि तासाला पैशांचा दर. मग जनतेच्या हरकतींसाठी आधी ६० दिवस, नंतर ३० दिवस. रीत सोपी खरी, पण प्रत्येक आकड्याखाली एक गृहीतक दडलेले असते.

९/ पहिली अडचण: अर्जदार किती येणार? २००७ ते २००९ या काळात नव्या अणुभट्ट्यांच्या एकत्रित परवान्यांसाठी १८ अर्ज आले, एकूण २८ भट्ट्यांसाठी. त्यांपैकी प्रत्यक्ष वीज देऊ लागल्या त्या जॉर्जियातील व्होग्टलच्या दोनच, २०२३ आणि २०२४ मध्ये.

१०/ दुसरी अडचण: कोणता तास कोणाच्या नावावर मांडायचा? जागेवरच्या वाऱ्याच्या नोंदी पर्यावरण अहवालाला लागतात, तशा सुरक्षेच्या गणितालाही लागतात. एरवीही जे काम झालेच असते, ते ओझ्यात धरायचे नसते. ही सीमारेषा ओढणारा जरा सैल किंवा कडक असला, की आकडा बदलतो.

११/ कॅल्व्हर्ट क्लिफ्सलाच तिसरी भट्टी बांधायचे ठरले होते. २०११ मध्ये तिचा अंतिम पर्यावरण अहवाल पूर्ण झाला. परवाना अडला तो परकीय मालकीच्या मुद्द्यावर, २०१२ मध्ये; २०१५ मध्ये अर्ज मागे घेतला गेला. अहवालाचे तास खर्च झाले हे खरे. पण भट्टी त्या अहवालाने रोखली, असे म्हणता येत नाही.

१२/ मग पानेच कमी करावीत का? १९७८ च्या नियमावलीतच लिहिले होते: अहवाल साधारणतः १५० पानांच्या आत, गुंतागुंतीचा असेल तर ३००. तरी अहवाल फुगतच राहिले. २०२३ मध्ये अमेरिकी संसदेने तेच दोन आकडे कायद्यात घातले आणि दोन वर्षांची मुदत जोडली. परिशिष्टे मात्र या मर्यादेबाहेर आहेत!

१३/ याहून शहाणी वाट १९९६ मध्ये सापडली होती. जुन्या भट्ट्यांच्या मुदतवाढीत सगळीकडे सारखे असणारे प्रश्न एका सामाईक अहवालात एकदाच तपासले गेले. प्रत्येक केंद्राने आपल्या जागेचे वेगळेपण तेवढे मांडायचे. मार्च २००० मध्ये २० वर्षांची मुदतवाढ मिळवणारे अमेरिकेतले पहिले केंद्र कोणते? कॅल्व्हर्ट क्लिफ्स.

१४/ तासांचा तक्ता खर्चाची बाजू दाखवतो. एखादा धोका कागदावर आल्यामुळे टळला, तर त्याला त्या तक्त्यात रकाना नाही. तेव्हा ‘कागदपत्रांमुळे प्रकल्प रखडला’ असे कानी आले, की तीन प्रश्न विचारा: हे तास कोणाचे? ते एरवीही लागले नसते का? आणि तो कागद शेवटी कोणी वाचला का? यांतला तिसरा प्रश्न १९७१ पासून आजही तितकाच ताजा आहे.